अद्रक बसतेय? औषध आणण्याआधी ग्लासभर पाणी घ्या



गेल्या काही दिवसांत सभासदांचे अद्रकीचे फोटो येत आहेत. बेडवर मधेच एक-दोन झाडे माना टाकतात, चार दिवसांनी शेजारची जातात, मग तिथे परातीएवढा, खाटेएवढा पट्टा रिकामा होतो. फोटोखाली प्रश्न एकच असतो: "सड लागली, काय सोडू?"

खरं सांगायचं तर फोटो पाहून याचं उत्तर देता येत नाही. आपल्याकडे "सड" किंवा "मर" हा एकच शब्द निदान चार वेगळ्या रोगांना वापरतात. एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. बुरशीचं महागडं औषध ड्रिपमधून सोडलं आणि रोग जिवाणूचा निघाला, तर पैसा गेलाच, वर त्या पाण्याने रोग पुढच्या बेडवर नेला. म्हणून आजचा मेसेज औषधाचा नाही, ओळखण्याचा आहे. लांब आहे, पण सवडीने पूर्ण वाचा. शेवटचा भाग बेण्याचा आहे, तो तर घरात सगळ्यांना वाचून दाखवा.

*१) आधी उभं झाड नीट बघा*

सकाळी लवकर प्लॉटमध्ये जा. दुपारच्या उन्हात चांगलं झाडही पान गुंडाळतं, त्यामुळे अंदाज चुकतो. पूर्ण वाळलेलं झाड सोडा. नुकतंच मान टाकायला लागलेलं झाड शोधा.

▪️ *जिवाणूची मर:* पान आधी पिवळं होत नाही. हिरवं असतानाच कडा आत वळतात, पान खाली लोंबतं. खालच्या पानापासून सुरू होऊन दोन-चार दिवसांत पूर्ण झाड माना टाकतं, मग तांबूस-सोनेरी दिसतं. खोडाचा जमिनीजवळचा भाग पाणी मुरल्यासारखा होतो. हलका झटका दिला की खोड कंदापासून सुटतं. खोड उभं चिरलं तर आत काळसर-तपकिरी उभ्या रेघा दिसतात.

▪️ *पिथियमची कंदकूज (ओली सड):* इथे पिवळेपणा आधी येतो. खालच्या पानाचा शेंडा आणि कडा पिवळ्या, मधला भाग काही दिवस हिरवाच. बुंधा मऊ पडतो, ओढलं की खोड हातात येतं. कंदाची साल वरून राहते, आत लगदा होतो.

▪️ *फ्युजॅरियमची मर (कोरडी सड):* ही सावकाश येते. झाड खुजं राहतं, कडेने पिवळं पडत जातं, वाळतं, पण बरेचदा उभंच राहतं. कंद कापला तर आत तपकिरी झाक, लगदा कमी. साठवणीत अशा कंदावर पांढरी कापसासारखी बुरशी येते.

▪️ *रोगच नाही असंही असतं:* नवं कोवळं पान पिवळं, शिरा हिरव्या आणि कंद ठणठणीत, तर बहुतेक लोहाची कमतरता. आपल्या चुनखडीच्या जमिनीत हे नेहमीचं आहे. मुळ्या कुरतडलेल्या असतील तर माती उकरून हुमणी बघा. सखल जागेत पाणी साचून पिवळं पडलं असेल, तर आधी चर काढा.

दोन गोष्टींवर विसंबू नका. पहिली म्हणजे वास. कंद सडायला लागला की जिवाणूचा असो वा पिथियमचा, घाण वास येतोच. दुसरी म्हणजे अळी. सडक्या कंदात पांढऱ्या अळ्या दिसल्या की लोक म्हणतात कंदमाशीने सड आणली. पण बऱ्याच वेळा कंद आधी सडलेला असतो आणि माशी वासाने मागून येते. अळीचं औषध टाकून मूळ रोग थांबत नाही.

*२) ग्लासची चाचणी*

याला खर्च नाही. पारदर्शक काचेचा ग्लास, स्वच्छ पाणी आणि धारदार चाकू एवढंच लागतं.

• नुकतंच मान टाकलेलं, अजून हिरवं असलेलं झाड घ्या. सडून लगदा झालेलं घेऊ नका. लगद्याने कुठलंही पाणी गढूळ होतं आणि फसगत होते.
• जमिनीलगतच्या खोडाचा दोन बोटं लांबीचा तुकडा कापा. वरून धुऊन माती काढा. बाहेरची सैल पानं सोलून टाका.
• ग्लासात पाणी भरून ओट्यावर ठेवा, पाणी स्थिर होऊ द्या.
• तुकडा दोऱ्याने किंवा काडीने असा धरा की कापलेलं टोक फक्त पाण्याला बुडेल. हात हलवू नका, ग्लास ढवळू नका.
• ग्लासामागे काळा कागद किंवा मोबाईलची बंद स्क्रीन धरा आणि पाच मिनिटं बघा.

*रोग जिवाणूचा असेल तर* कापलेल्या टोकातून दुधासारखे पांढरे बारीक धागे सरळ खाली उतरताना दिसतात. आणखी काही मिनिटांत ग्लासाच्या तळाशी पाणी दुधाळ होतं. कंद कापून दाबला तरी तसाच दुधाळ चिकट थेंब येतो.

*बुरशीचा रोग असेल तर* असे धागे उतरत नाहीत.

एका झाडावर निकाल लावू नका. वेगवेगळ्या ठिकाणची तीन झाडं तपासा, शेजारी एका चांगल्या झाडाचा तुकडाही ठेवा म्हणजे फरक कळेल. प्रत्येक झाडानंतर चाकू सॅनिटायझरने पुसा किंवा गॅसवर धरा. चाचणीचं पाणी वावरात किंवा विहिरीजवळ ओतू नका. त्यात ब्लीचिंग पावडर टाकून रस्त्याकडेला ओता.

धागे दिसले तर शंका ठेवू नका. धागे नाहीत पण झाड हिरवंच मान टाकतंय, असं असेल तर नमुना तपासायला द्या. एकाच प्लॉटमध्ये जिवाणू आणि बुरशी दोन्ही असू शकतात. मुळासकट दोन-तीन ताजी झाडं कागदात गुंडाळून खरपुडी किंवा बदनापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात न्या. बंद प्लास्टिकच्या पिशवीत घाम सुटून नमुना सडतो, म्हणून कागदच वापरा.

*३) हा जिवाणू आहे तरी कोण?*

नाव राल्स्टोनिया सोलानेसिअरम. आपल्या भागातल्या प्रकाराला शास्त्रज्ञ आता राल्स्टोनिया स्युडोसोलानेसिअरम म्हणतात. दुकानदार, पुस्तकं बहुतेक जुनंच नाव वापरतात. अमेरिकेत एर्विन स्मिथ यांनी १८९६ मध्ये बटाटा, टोमॅटो आणि वांग्यावर याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. पण महाराष्ट्राशी याची ओळख त्याच्याही आधीची. पुणे जिल्ह्यात बटाट्यावरच्या या रोगाची नोंद १८९२ ची आहे. तिकडचे शेतकरी त्याला "बांगडी" म्हणत, कारण बटाटा आडवा कापला की आत बांगडीसारखं तपकिरी कडं दिसतं.

त्या कड्यातच रोगाचं गुपित आहे. झाडात मुळापासून पानापर्यंत पाणी नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. हा जिवाणू जखमी मुळातून आत शिरतो, त्या नळ्यांत वाढतो आणि चिकट पदार्थ सोडून नळ्या बुजवतो. जमिनीत भरपूर ओल असून झाड तहानेने मान टाकतं ते यामुळेच. ग्लासात जे धागे उतरतात ते म्हणजे त्या नळ्यांत कोंडलेले जिवाणू.

यावरून दोन गोष्टी लक्षात घ्या. झाडाने मान टाकली म्हणजे पाणी कमी पडलं असं समजून ड्रिपचा वेळ वाढवू नका. आणि नळीच्या आत बसलेल्या जिवाणूपर्यंत आळवणीचं औषध पोचत नाही. लागलेलं झाड बरं करणारं औषध आज कुठल्याही दुकानात नाही. कोणी "गॅरंटी" देत असेल तर त्याच्याकडून पक्कं बिल आणि डब्यावर अद्रकीच्या या रोगाचं लेबल मागा.

*४) धागे दिसले, आता काय करायचं?*

जे झाड गेलं ते गेलं. आता बाकीचा प्लॉट वाचवायचा.

✅ रोगट झाड कंद-मुळासकट काढा. त्याच बेडवरची दोन्ही बाजूंची निरोगी दिसणारी दोन-दोन झाडंही काढा, रोग बहुतेक तिथवर गेलेला असतो. माती झटकत नेऊ नका. गोणीत भरून बाहेर न्या आणि विहीर, नाला, शेततळ्यापासून लांब खोल खड्ड्यात पुरा. बांधावर फेकलेलं झाड पहिल्या पावसात परत वावरात येतं. उकिरड्यावरही नको.

✅ त्या बेडची लॅटरल बंद करा. रिकाम्या जागेभोवती छोटा चर काढा, म्हणजे वरचं पाणी तिथून वाहत पुढे जाणार नाही. रोगट पट्ट्याचं पाणी शेततळ्यात उतरत असेल तर ते आधी वळवा. नाहीतर उद्या तेच पाणी ड्रिपने सगळीकडे जाईल.

✅ खड्ड्याच्या जागी आणि आसपासच्या बेडवर कॉपर ऑक्सिक्लोराईड २ ग्रॅम प्रति लिटर किंवा १ टक्का बोर्डो मिश्रणाची आळवणी करा. यातून लागलेलं झाड उठणार नाही, पसरण्याचा वेग कमी होईल एवढंच.

✅ मजूर आधी चांगल्या भागात काम करतील, रोगट भागात सर्वात शेवटी. खुरपी, कुदळ, पायातले बूट ब्लीचिंगच्या पाण्याने धुवूनच बाहेर.

❌ *उटाळणी आणि भर थांबवा.* हा मुद्दा महत्त्वाचा आहे. चांगल्या प्लॉटमध्ये उटाळणीने जुन्या मुळ्या तुटून नव्या फुटतात, कंद पोसतो. पण रोग शिरलेल्या प्लॉटमध्ये तुटलेली प्रत्येक मुळी म्हणजे जिवाणूला उघडं दार. त्याच खुरप्याने पूर्ण बेड उटाळला की रोग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो. ज्या बेडवर धागे निघाले तिथे यंदा उटाळणी नकोच.

❌ युरियाचा जोर देऊन झाड "उठवायचा" प्रयत्न करू नका.

❌ ट्रायकोडर्मा चांगला आहे, पण तो बुरशीवरचा मित्र. जिवाणूच्या मरीवर त्याच्या भरवशावर राहू नका. तांब्याच्या औषधासोबत एकाच टाकीत तर मुळीच सोडू नका.

*चुन्याबद्दल:* मोबाईलवर केरळचे व्हिडिओ फिरतात, त्यात बेडवर चुना टाका म्हणतात. तिकडची जमीन लाल आणि आम्ल, त्यांना चुना लागतो. आपल्या काळ्या जमिनीचा सामू आधीच जास्त आणि चुनखडीही भरपूर. आपल्याकडे चुना टाकून लोह आणखी अडकेल, रोग थांबणार नाही.

*५) धागे नाही दिसले तर*

पिवळेपणा आधी, मऊ बुंधा आणि धागे नाहीत, म्हणजे पिथियम धरून चाला. आधी पाण्याचा निचरा करा, त्याशिवाय कुठलंही औषध काम करत नाही. मग मेटॅलॅक्झिल-मॅन्कोझेब संयुक्त बुरशीनाशक १.२५ ग्रॅम प्रति लिटर, वापसा असताना बुंध्याजवळ आळवणी. सडलेले गड्डे इथेही काढायचेच. ही आळवणी वेळेत झाली तर बाकीचा प्लॉट सावरू शकतो. म्हणूनच ग्लासची चाचणी पहिल्याच दिवशी करायची. बुरशी असेल तर लवकर औषध कामाला येतं आणि जिवाणू असेल तर तो खर्च वाचतो.

*६) आता मुद्द्याचं: बेणं*

हा रोग गावात येतो कसा? वाऱ्याने नाही. बहुतेक वेळा ट्रॉलीत बसून येतो, बेण्यातून.

रोगट प्लॉटमधला जो कंद अजून सडलेला नाही, तो दिसायला चांगलाच असतो. डोळे टपोरे, साल चकचकीत. जिवाणू आत नळ्यांत थोड्या संख्येने पडून राहतो. मे-जूनला लागवड केली, पाऊस पडला, जमीन गरम आणि ओली झाली की तो जागा होतो. बेणे प्रक्रिया करायलाच हवी, पण अर्धा तास बुडवलेलं औषध कंदाच्या सालीवर काम करतं. आत बसलेला जिवाणू त्याने पुरता मरत नाही.

आता हिशेब करा. एकरी साधारण ८ ते १० क्विंटल बेणं लागतं. समजा एका रोगट एकरातून ४० क्विंटल बेणं विकलं गेलं, तर पुढच्या वर्षी ते चार-पाच एकरांत पसरलं. त्या चार-पाच शेतकऱ्यांनी पुन्हा बेणं विकलं तर तिसऱ्या वर्षी किती वावरं झाली, ते तुम्हीच मांडा. आणि वावरात गेलेला हा जिवाणू एका उन्हाळ्यात मरत नाही, जमिनीत वर्षानुवर्षं राहतो.

केरळातल्या वायनाडचे अद्रक उत्पादक दरवर्षी कर्नाटकात कोडगू, म्हैसूर भागात नवी जमीन भाड्याने घेत फिरतात. सडीने भरलेल्या त्याच जमिनीत पुन्हा अद्रक येत नाही, हे त्यामागचं एक मोठं कारण. अमेरिकेच्या हवाई बेटांवर १९९० च्या दशकात याच रोगाने अद्रकीचं मोठं नुकसान झालं. तिथल्या विद्यापीठाने शेवटी शेतकऱ्यांना मातीपासून वेगळं, पिशव्यांत निरोगी बेणं वाढवायला शिकवलं. आपल्याकडे दोन-चार एकरवाल्याने दरवर्षी नवी जमीन कुठून आणायची? आपल्या हातात बेणंच आहे.

आणि बेणं निवडायची वेळ *आत्ता* आहे. डिसेंबर-जानेवारीत पाला वाळला की रोगट प्लॉट आणि चांगला प्लॉट सारखेच दिसतात. काढणीनंतर ढिगाकडे बघून कोणालाच काही कळत नाही. पान हिरवं आहे तोवरच हा रोग दिसतो. म्हणून:

• ज्या प्लॉटमध्ये एका जरी झाडाच्या तुकड्यातून धागे उतरले, तो *पूर्ण प्लॉट* बेण्यासाठी बाद. "तो कोपरा सोडून देऊ" हे चालत नाही, कारण पाणी आणि खुरपं कोपऱ्यावर थांबलेलं नसतं.
• तो माल खाण्यासाठी विकायला हरकत नाही. हा जिवाणू माणसाला काही करत नाही. सडके कंद निवडून बाजूला काढा आणि पीक सहा महिन्यांचं झाल्यावर, भाव पाहून, लवकर काढणीचा विचार करा. जमिनीत ठेवून वजन वाढण्याऐवजी घटत जाईल.
• बेणं घेणाऱ्याने आत्ताच, पीक उभं असताना, ज्याच्याकडून घ्यायचं त्याचा प्लॉट बघून या. सोबत ग्लास न्या. मान टाकलेलं झाड दिसलं तर तिथेच चाचणी करा. सोयऱ्याकडचं बेणं असलं तरी बघायला लाजू नका.

विकणाऱ्यासाठी हे अवघड आहे, याची कल्पना आहे. बेण्याचा भाव खाण्याच्या अद्रकीपेक्षा वर असतो. वर्षभराचा खर्च डोक्यावर असतो आणि शेजारी विचारतो, "तुमच्याकडचं मिळेल का?" तेव्हा नाही म्हणणं सोपं नाही. पण घेणारा आपल्याच शिवारातला आहे. त्याचं पाणी आपल्या वावरातून जातं, आपलं त्याच्या. आज त्याला दिलेला रोग दोन वर्षांनी त्याच ओढ्याने परत येतो. धागे दिसल्याचं जो सभासद स्वतःहून कळवेल, त्याच्याबद्दल गावात कुजबुज होता कामा नये, उलट त्याचे आभार मानले पाहिजेत. त्याने चार घरांचं बेणं वाचवलं.

*७) पुढच्या वर्षी त्या वावरात काय?*

निदान तीन-चार वर्षं अद्रक नको, हळदही नको. मिरची, टोमॅटो, वांगी, ढोबळी मिरची आणि बटाटा ही सगळी या जिवाणूच्या आवडीची घरं. भोकरदन, जाफराबाद पट्ट्यात मिरचीमागे अद्रक किंवा अद्रकीमागे मिरची हा फेर बऱ्याच ठिकाणी आहे. मरीच्या वावरात तो मोडा. शेडनेटमध्ये टोमॅटो-मिरचीचं बियाणं घेणाऱ्यांनी तर रोगट अद्रकीच्या वावराची माती किंवा तिथलं पाणी शेडमध्ये येऊ देऊ नका. भुईमूगही टाळा. मका, ज्वारी, बाजरी, गहू ही तृणधान्यं घ्या. बेडवर आपोआप उगवलेली जुन्या कंदाची अद्रक आणि रानटी वांगी वर्गातलं तण दिसेल तिथे उपटा, नाहीतर जिवाणू त्यांच्यावर दिवस काढतो.

*या आठवड्यात एवढं करा*

१. सकाळी प्लॉटला पूर्ण फेरी मारा, मान टाकलेल्या झाडाशेजारी काठी रोवा.
२. तीन झाडांची ग्लास चाचणी करा.
३. ग्लासाचा व्हिडिओ (काळा कागद मागे धरून), गाव, लागवडीची तारीख आणि बेणं कुठलं होतं एवढं कंपनीच्या नंबरवर पाठवा. नवीन जालन्याला मोंढ्यात येणं असेल तर कागदात गुंडाळलेला नमुना सोबत आणा.
४. निकाल कळेपर्यंत त्या प्लॉटमध्ये उटाळणी नाही, आळवणी नाही आणि बेण्याचा शब्द कोणाला द्यायचा नाही.

ज्यांच्या प्लॉटला काहीच नाही, त्यांनीही फेरी मारा आणि "प्लॉट निरोगी" असं कळवा. पुढच्या हंगामात कोणाचं बेणं घ्यायचं, ते आपल्याला त्यावरूनच ठरवायचं आहे.

हा मेसेज तुमच्या गावातल्या अद्रकवाल्यांना पाठवा, ते सभासद असोत वा नसोत. 🌱